पेवातला साक्षीदार

नांदेडच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवतो. लढाई पाहिलेल्याची साक्ष कशी तपासावी, यावर दरवर्षी एक तास घेतो. साक्षीदार कुठे होता, तिथून त्याला काय दिसत होतं, हे तो कुणासमोर सांगतोय. मुलं लिहून घेतात. मी खिडकीबाहेर पाहत बोलतो. यातल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मला एकदा मिळालं होतं, आणि मी ते गाळलं.

हदगावकडच्या एका गावात रझाकारांच्या काळात वेशीपाशी झुंज झाली होती. गावाने त्यावर पुस्तक करायचं ठरवलं, काम माझ्याकडे आलं. टेपरेकॉर्डर घेऊन मी पारावर बसलो. म्हातारी माणसं जमली आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: पहाटे गावातल्या पिंजाऱ्यानं आतून वेशीचा अडसर काढला, म्हणून रझाकार आत शिरले. शब्दसुद्धा तेच. इतके जण जुळतात म्हणजे गोष्ट पक्की, असं मी धरून चाललो.

ते का जुळत होते, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. दर सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन झालं की गावातले एक आजोबा ती झुंज सांगायचे. शाल-नारळ त्यांनाच. बाकीचे वर्षानुवर्षं ते ऐकत आलेले. पारावर मी ऐकलं ते त्यांचंच, निरनिराळ्या तोंडांतून.

त्याच दुपारी आजोबांच्या घरी चहाला गेलो. टेप चालू होता.

"बाबा, तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"ल्हान होतो की. मायनं मला पेवात उतरवलं अन् वरून फळी टाकली." पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. "लई अंधार. धान्याची ऊब नुसती."

"मग वेस उघडताना पाहिलं कसं?"

"बाहेर काढल्यावर लोक बोलून राहिले होते ना!" ते हसले. "तुम्ही बी काय पोलिसावाणी इचारून राहिले, सर. च्या घ्या, निवतोय."

मी चहा घेतला. पुस्तकात मात्र 'प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे' असं लिहिलं. पेव त्यात आलं नाही. प्रकरण छान जमलं होतं, ते मला मोडवेना. पुढे आजोबा वारले.

यंदा पुस्तकातला तो उतारा गावच्या शाळेच्या भिंतीवर रंगवायचं ठरलं. त्याआधी हिमायतनगरहून एक गृहस्थ घरी आले. गाद्या भरण्याचं दुकान आहे त्यांचं. त्या पिंजाऱ्याचा मुलगा, वयाने माझ्याहून बरेच मोठे.

"सर, पुस्तक होतं तवर काही बोललो न्हाई. कोण वाचतंय. पण त्या शाळेत माझ्या भावाची नातवंडं जातात. भिंत तर रोज दिसंल."

मी टेप शोधून लावली. पेवाचं आलं तसा त्यांनी हात वर केला. "परत लावा."

परत लावली.

"म्हणजे अब्बा सुटले?"

"नाही, चाचा. त्यांनी अडसर काढला नाही, असं यातून निघत नाही. सांगणाऱ्यांत काढताना पाहिलेलं कुणी नाही, एवढंच निघतं."

"एवढंच." ते टेपकडे पाहत राहिले. "अन् हे तुम्हाला तवाच माहीत होतं?"

"हाव."

"बरं झालं, तुमच्या घरचं पाणी आधीच पिऊन घेतलं. आता प्यालो नसतो."

दुसऱ्या दिवशी सरपंचांना टेप ऐकवली.

"सर, आमची लढाई बाद करून राहिले तुम्ही!"

"लढाई राहू द्या. पिंजाऱ्याचं वाक्य काढा, आणि आजोबा पेवात होते हे घाला."

"एवढ्या शाली आम्हीच पांघरवल्या त्यांना. आता पेवात होते म्हणून लिहायचं?"

बराच वाद झाला. शेवटी वाक्य काढायचं ठरलं, पेव घालायचं नाही. मी हिमायतनगरला फोन करून तसं सांगितलं.

"भिंतीचं झालं," चाचा म्हणाले. "पेवाचं तुम्ही लिहा, सर. जिथं गाळलं तिथंच. तुमच्या नावानं."

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत त्या प्रकरणाआधी हे पान जोडतो आहे.