देवावर आळ नको

देवाकडे गाऱ्हाणी मांडणारी माणसं मी रगड पाहिली, पण देवावर कुणी फुकटचा आळ घेतला की पदर खोचून उभी राहणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होती, आणि ती आमच्या शेजारी राहायची. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर नर्स, म्हणून सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. ‘देवाची मर्जी’ किंवा ‘नशीब’ असं त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. दूध पातळ निघालं आणि गवळी नशिबाला बोल लावू लागला, तर नशीब पहाटे उठून विहिरीवर गेलं होतं का, असं त्या त्याला दारातच विचारत. दादा मॅट्रिकला नापास झाला तेव्हा आईने शनीचं नाव घेतलं. सिस्टरबाई म्हणाल्या, “वहिनी, मॅटिनीले शनी नव्हता बसला. हाच होता, मी पाह्यलं.” दादा इतका गडबडला, की त्या स्वतः मॅटिनीला काय करत होत्या हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

रोज संध्याकाळी त्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत, आणि शेवटी यहूदासाठी. यहूदा म्हणजे येशूला शत्रूंच्या हाती देणारा त्याचाच शिष्य. एका गुड फ्रायडेला पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, की यहूदाचं पाप आधीच ठरलेलं होतं. सिस्टरबाई भर सभेत उभ्या राहिल्या. ठरलेलंच होतं तर त्या बिचाऱ्याचा गुन्हा काय, आणि गुन्हाच नाही तर क्षमा कशाची? देवाला सगळं आधी दिसतं, पण दिसणं म्हणजे करायला लावणं नव्हे. पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत धरलं.

हा वाद त्यांच्या घरचाच होता, हे मला आणीबाणी उठली त्या वर्षी कळलं. ऐन तारुण्यात त्यांना टाकून दुसरीबरोबर गेलेला नवरा त्या उन्हाळ्यात परत आला, अर्धं अंग लुळं पडलेलं. ओसरीवर बसून म्हणाला, देवानंच तशी बुद्धी दिली, नशिबात होतं, आता माफ कर. सिस्टरबाईंनी त्याला आंघोळ घातली, जेवू घातलं, खाट दिली. माफी तेवढी दिली नाही.

“सेवा करीन,” त्या म्हणाल्या. “पण माफ कोणाले करू? नशिबाले? गेलं कोण होतं, ते सांगा तुमी.”

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि वर्षानुवर्षं तो त्या प्रश्नाला बगलच देत राहिला. सिस्टरबाईंच्या सेवेत मात्र कधी खंड पडला नाही. एवढं करता तर माफही करून टाका, असं आई म्हणे. “मनातून तं कवाच केलं, वहिनी. पण त्यायनं घेतलं पाह्यजे ना. जबरदस्ती देवबी करत नाई.” हे बोलताना त्या त्याच्या खाटेकडे पाहत, आणि त्या वाट पाहून राहिल्यात हे आम्हाला कळायचं.

मी दुपारी त्याला पेपर वाचून दाखवायचो. हिवाळ्यातल्या एका दुपारी त्या त्याला पेज भरवत होत्या. त्याने चांगल्या हाताने चमचा बाजूला सारला आणि अडखळत म्हणाला, “मीच गेलतो. माह्या मनानं. मले कोणी नाई पाठवलं.”

पाळकसाहेबांना गप्प करणाऱ्या बाईने वाटी खाली ठेवली, त्याचा लुळा हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, “केलं माफ.” मग दोघंही रडत राहिली.

दोघंही आता नाहीत. त्या दुपारी मी पेपर तिथेच ठेवून उठलो आणि देवळातून निघावं तसा, त्यांच्याकडे पाठ न करता बाहेर आलो.