सातशे बारा आणि सातशे एकवीस

सुगिमोरी तोकुजी बंदुकीला डोळा बसवायचे. कारखान्यात आम्ही तसंच म्हणायचो. नेमबाजाच्या त्या लांब बंदुकीवर दुर्बीण मधोमध नसे. वरून काडतुसं भरता यावीत म्हणून ती डावीकडे सरकवलेली असे. दुर्बिणीला अडू नये म्हणून खटक्याची मूठही खाली वाकवलेली. पण खरी गोम वेगळीच होती. त्या दुर्बिणीला नेम सुधारायला एकही स्क्रू नव्हता. कारखान्यातच गोळ्या झाडून ती एका बंदुकीशी जुळवायची आणि तिचा क्रमांक त्या बंदुकीवर ठोकायचा. दुसऱ्या बंदुकीवर चढवली की नेम गेलाच समजा.

सुगिमोरीसान जुळवायचे, मी क्रमांक ठोकायला मदत करायचो. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी ते मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. आदल्या दिवशीचे निशाण्याचे कागद पडताळताना त्यांच्या लक्षात आलं होतं, की सातशे बारा आणि सातशे एकवीस या दोन बंदुकांच्या दुर्बिणींची त्यांच्या हातून अदलाबदल झाली आहे. खोकी बंदराकडे गेली होती, पण जहाज अजून सुटायचं होतं.

"इवासे, मी जाऊन सांगतो," ते म्हणाले.

एकाची चूक झाली की आमचा मुकादम कुवाबारा सगळ्यांना रांगेत उभं करून थोबाडायचा. माझा गाल आधीच्याच प्रसादाने सुजलेला होता. मी म्हणालो, "तुमच्या खरेपणापायी आमची थोबाडं का सुजवताय? खोकी गेली, विषय संपला."

ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरी त्यांनी माझं ऐकलं, आणि जहाज सुटलं.

युद्ध हरल्यावर ते चष्मे दुरुस्त करू लागले, मी स्टेशनजवळ उदोनची, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांची, टपरी टाकली. परतलेला सैनिक दिसला की ते हातातलं काम टाकून विचारायचे, बंदूक कोणती होती, क्रमांक काय. लोक त्यांना चक्रम म्हणायचे. मला मात्र त्यांनी कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच मला जड जायचं.

एका हिवाळ्यात तोमिनागा नावाचा माणूस टपरीवर आला. बोलता बोलता बंदुकीवर घसरला. दक्षिणेच्या बेटावर नेमबाज होता. क्रमांक सातशे बारा, म्हणाला. माझ्या हातातली पळी थांबली.

"दुर्बीण पहिल्या दिवसापासून आंधळी. पिशवीत कोंबली आणि नळीच्या टोकावरच्या साध्या माशीवर नेम धरला. आलो ना परत! बसवणाऱ्या गाढवाला माझा नमस्कार सांगा."

मी सांगितला नाही. सातशे एकवीसचा पत्ता लागू दे, मग दोन्ही एकदम सांगू, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्यायलो. तो विषय निघाला असता, तर गप्प बसा कोण म्हणालं हेही निघालं असतं. चार वर्षं रोज सकाळी ते माझ्या टपरीवरून जायचे, आणि मी फक्त हवापाण्याचं बोलायचो.

पाचव्या वर्षी ते गेले. सातव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने, कियोसाननी, चहा पुढे ठेवला.

"शेवटपर्यंत एकच घोकत होते," त्या म्हणाल्या. "दोघांतला एक जरी जिवंत परतला असं कळलं, तरी सुखाने डोळे मिटेन. तुमच्या टपरीवर इतके लोक येतात, इवासेसान. कधी काही कानावर आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो, आणि उदबत्ती लावली.