दवाखान्याच्या वहीतली सकू

१९४१च्या श्रावणात खर्डीच्या चांगुणाला हिवताप भरला आणि ती पहिल्यांदाच कसाऱ्याला रेल्वेच्या दवाखान्यात गेली. तिचा नवरा बारकू रेल्वेच्या रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. गँगवाल्यांच्या बायकांना तिथे औषध फुकट मिळे, फक्त वहीत नाव हवं.

तिने पुढे केलेला बारकूचा बिल्ला पाहून कंपाउंडरने वही उघडली. "बायकोचं नाव सकू. तूच ना गो?"

सकू ही बारकूची पहिली बायको. तिला पटकीने नेऊन चार वर्षं झाली होती. मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक दुसऱ्या बायकोने घालायचा, त्या रीतीप्रमाणे चांगुणा सकूचा टाक गळ्यात घालत होती, आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

"नाय, मी चांगुणा. दुसरेपणाची."

"मग नवऱ्याला घेऊन ये. त्याने सांगितलं की सकूचं नाव खोडतो आणि तुझं लिहितो."

घरी तिने हे सांगितलं तेव्हा बारकू भिजलेली कांबळ पिळत होता. तो बराच वेळ पिळतच राहिला.

"खोडायचं कशाला गो? तूच सकू म्हनून सांग. औषध काय नाव इचारतंय?"

"मंग मी मेल्यावर कुनाचं नाव खोडाल?"

बारकू कांबळ खांद्यावर टाकून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ताप आणखी चढला. चांगुणाने कंपाउंडरसमोर बाटली धरली आणि हळूच म्हणाली, "सकू." त्याने एकदा वर पाहिलं आणि बाटली भरून दिली.

पुढे सात वर्षं दवाखान्यात सकूच्या नावाची हाक आली की ती उठायची. बारकू सोबत असला, तर त्या हाकेला तोही चटकन मान वळवायचा, पण उठलेल्या चांगुणाकडे नाही, दाराकडे.