फोटोची साडी

पांढुर्ण्याच्या बाजारात तेव्हा फोटोचं एकच दुकान होतं आणि त्या दुकानात एकच साडी. फिक्या निळ्या जॉर्जेटची, बारीक चंदेरी टिकल्या लावलेली. खुंटीला टांगलेली असायची, तिच्या शेजारी पुरुषांसाठी एक काळा कोट. घरात मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली की तिला या दुकानात आणायचं, पडद्यामागे ती साडी नेसवायची आणि रंगवलेल्या तळ्यासमोर उभी करायची. सौसर, मोहगाव, तिगाव, सगळीकडच्या मुली त्याच साडीत फोटोतून वऱ्हाडात आणि नागपुरात पोचल्या. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. लग्नाला शेजारून पातेली आणतात, तशीच ती साडी.

मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन घरी, पांढुर्ण्याला आले तो हिवाळा राज्यं नव्यानं आखली जाण्याच्या आधीचा. बाबा शिक्षक. त्यांच्याकडे येणारे लोक ओसरीवर एकच बोलत बसत: नागपूर मुंबईकडे गेलं तर आपण कुठे? मी आतून ऐकायची. शाळेत माझ्या मराठीला हसायचे आणि घरी माझ्या इंग्रजीला बिचकायचे, त्यामुळे मला कमी बोलायची सवय लागली होती. बोलणं कमी झालं की पाहणं वाढतं.

शाळेच्या वाचनालयातली जुनी विलायती मासिकं मला घरी न्यायला मिळाली होती. त्यांत जिन्याशी, मोटारीशी, काही नाही तर नुसत्या भिंतीशी उभ्या असलेल्या बायका. मान वळवलेली, नजर कुठेच नाही. मी ती पानं तासन् तास बघायची. माझी एक चित्रवहीही होती, कपाटात तळाला अंथरलेल्या कागदाखाली लपवलेली. पण त्या वहीत मासिकातली एकही बाई नव्हती. सगळ्या पानांवर माझी चुलत बहीणच होती.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मोठ्या काकांची मुलगी, राहायला सौसरला. काकांची संत्र्यांची बाग होती आणि तोडा सुरू झाला की संत्री निवडायला बसणाऱ्या बायकांवर ताईची देखरेख असे. लोधीखेड्याच्या मागावरचं जाड सुती लुगडं नेसायची, गडद रंगाचं, रुंद काठाचं. पदर पाठीवरून आडवा ओढून कमरेत असा खोचायची की काठाची एक तिरकी रेघ खांद्यापासून खाली उतरत जाई. ती डोक्यावर टोपली घेऊन चालू लागली की ती रेघही चालायची. मी तेच काढायची. वेगळ्या रंगाचं लुगडं, पुढं आणलेला काठ, त्याच कापडाचं पोलकं. आपण पुढे कधी कपडे शिवू, तर ते असे चालणारे असतील, असं मला वाटे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नागपूरकडचं एक स्थळ आलं. शिकलेला, नोकरीतला मुलगा. त्याआधी दोन स्थळं मोडली होती. ताईच्या डाव्या गालावर, जबड्याजवळ, लहानपणी उकळत्या पाकाचा थेंब उडून भाजल्याचा डाग होता, आणि दोन्ही घरांनी तो पाहूनच पाय मागे घेतला होता. आता हेही गेलं तर पुढं कठीण, हे काकू उघड बोलत. काका-काकू ताईला घेऊन सकाळच्या मोटारीनं पांढुर्ण्याला आले आणि काकूंनी तिला माझ्या हवाली केलं.

"तू शहरात शिकून आली. तुले समजते फॅशन. अशी नटव का डाग दिसला नाही पायजे."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी समजतं म्हणून मानलं होतं.

ताईनं गाठोड्यातून आपलं लुगडं आणलं होतं. जांभळं, पिवळ्या काठाचं, नवं. दुकानात पडद्यामागे ती ते उलगडू लागली.

"मले यातच काढू दे फोटो. त्या साडीत मी साऱ्या गावासारखी दिसन."

मी एकदा लुगड्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे. माझ्या वहीची पंधरा पानं त्या लुगड्याच्या बाजूनं होती. पण मासिकातली एकही बाई तशी नव्हती आणि मला आज चुकायचं नव्हतं.

"फोटोत असं नाही चालत, ताई," मी म्हटलं.

तिनं लुगड्याची घडी घातली. वाद घातला नाही. हेच मला जास्त आठवतं.

मी तिला जॉर्जेट नेसवली. केस कानांवर ओढून लाटा पाडल्या. तिवईवर हात ठेवायला लावला, मान डावीकडे वळवून हनुवटी किंचित खाली घेतली. आता डावा गाल सावलीत गेला होता.

"कुठं पाहू वं?" ताईनं विचारलं.

"कुठंच नको पाहू."

"कुठंच म्हणजे कुठं?"

फोटोवाले काळ्या कापडातून ओरडले, "बाई, हलू नका! हसू बी नका, पाय पुसट येतात हसल्यानं!"

ताईला हसू फुटलं. फोटोची एक काच वाया गेली. दुसऱ्या काचेवर ती हसली नाही. डागाचं उरलंसुरलं फोटोवाल्यांनी काचेवर बारीक पेन्सिल फिरवून झाकून टाकलं. फोटो सुंदर आला. सगळे म्हणाले, मीही म्हणाले.

पाहुणे सौसरला आले तेव्हा काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. ताईला बाहेर नेताना मी तिच्या कानाशी म्हटलं, "फोटोत होतीस तशीच बस." ती तशीच बसली, उजवा गाल पाहुण्यांकडे करून. मुलाच्या मामांनी फोटो हातात धरून डोळे बारीक केले.

"बाप्पा! ही साडी मी तिसऱ्यांदा पाहून राहिलो. मोहगावच्या पोरीच्याबी अंगावर हेच होती!"

"साडी फोटोवाल्याची हाय मामासाहेब," काका म्हणाले, "पोरगी आमची."

सगळे हसले. मुलाची आई मात्र हसली नाही. तिनं फोटोकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. मी दाराआड उभी होते. मग ती म्हणाली, "फोटोसारखीच आहे हो मुलगी."

काकूंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला. हे लिहून ठेवते, कारण पुढे मी बरेच दिवस असं दाखवलं की मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. मला काहीही खटकलं नव्हतं.

लग्न झालं. पुढच्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. गाडी तीच, तिकीट तेच, तरी आई म्हणायची, पोरगी परराज्यात गेली. मी वही काढून बसले की हात थांबायचा. लुगडं काढायला घेतलं की मान आपोआप डावीकडे वळायची, हनुवटी खाली यायची, आणि कापड उभं राहायचं. ते चालायचं नाही. काही दिवसांनी मी वही काढणंच सोडलं. फोटोतल्या सुंदर बायकांवर माझा आज राग आहे असं नाही. त्या त्यांचं काम करतात. पण त्यांच्याकडे पाहताना मला आता एवढंच सुचतं, की कॅमेऱ्यापुढून बाजूला झाल्यावर यांना कुणी सांगितलं असेल का, की झालं, आता मान सोडा.

मी ताईला ते सांगितलं नव्हतं.

चार वर्षांनी मला नागपूरला शिकवण्याची नोकरी लागली तेव्हा पहिल्या रविवारी तिच्याकडे गेले. जाताना लोधीखेड्याहून मागवलेलं एक लुगडं नेलं, जांभळंच. बैठकीत तो फोटो चौकटीत लावलेला होता. ताई नायलॉनच्या साडीत आली, केसांना कानांवर लाटा. डागाबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही, ती म्हणाली. सासूबाई चांगल्या आहेत. एकदाच म्हणाल्या होत्या, "फोटोत कशी छान दिसतेस, तशी राहत जा."

लुगड्यावरून तिनं हात फिरवला. काठ बोटांत धरून पाहिला. "किती दाट विणलं हाय," म्हणाली. मग ट्रंक उघडून, डांबराच्या गोळ्या बाजूला सारून, तळाशी ठेवलं.

"नेस ना एकदा."

"आता कुठं नेसू, बाई."

दुपारी आम्ही दोघीच स्वयंपाकघरात होतो. ती विळीवर भाजी चिरत होती. लहानपणी एकाच न्हाणीत आंघोळ केलेली मी, तो डाग मला तिच्या नावाइतका पाठ. तरी ती मान डावीकडे वळवून, हनुवटी किंचित खाली घेऊन बसली होती. त्यामुळे विळीही तिला वाकडी ठेवावी लागत होती.

"ताई," मी म्हटलं, "सरळ बस ना."

तिनं चिरणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, एका डोळ्याच्या कोपऱ्यातून.

"सरळच तं बसून राहिली," ती म्हणाली.