गाथेतला खोकला

माझा आवाज असा आहे की मी नायगावात शिंकलो तर धर्माबादच्या बाजारात मिरचीची पोती हलतात. हे मी म्हणत नाही, आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात. त्यांना म्हणायला मी शिकवलं, एवढंच. पण हाच आवाज विहारात वंदनेला उभा राहिलो की पोटात जाऊन बसायचा. त्रिसरण, पंचशील यायचं. पुढं लांबलचक पाली गाथा सुरू झाल्या की मी मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायचो. पुढं दाजी उभे असायचे आणि त्यांचा आवाज सगळं झाकून टाकायचा.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. चाकूरचे. शाळेवर मास्तर, आणि आमच्या समाजातली लग्नं लावणारे बौद्धाचार्य. त्यांनी लावलेल्या लग्नांची लेकरं एका जागी उभी केली तर लातूरचा गंजगोलाई चौक पुरणार नाही. नवरा-नवरी हात जोडून उभे राहिले की दाजी जयमंगल अष्टगाथा म्हणायचे. आठ गाथा. एकेक संपली की लोक फुलं टाकायचे, आणि आठवी संपली की लग्न लागलं.

दाजी मागच्या हिवाळ्यात गेले. यंदा त्यांच्या पोरीचं लग्न ठरलं, आणि बैठकीत सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाहेरचं कुणी नको. अष्टगाथा मामा म्हणतील."

माझ्या हातातला चहा बशीत आला.

"आगं, माझं काय, मी कवाबी म्हणंन," मी म्हणालो, "पण चाकूरात एवढे जाणते मानसं असताना..."

"का रं भाऊ?" अक्का म्हणाली. "जयंतीला तर सगळ्या गल्लीला सांगून राहिला होतास, मला आठीच्या आठी पाठ हायेत म्हणून. आता घाम कशाचा?"

"गरमीचा."

"पंखा तुझ्याच डोक्यावर हाय."

सगळे हसले. भाची हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यानं मी हो म्हणालो.

तिनं मोबाईलवर दाजींचं रेकॉर्डिंग पाठवलं. कुठल्याशा लग्नात कुणीतरी घेतलेलं. मागं लेकरांचा कालवा, मधेच मंडपवाल्याची आरडाओरड, आणि त्या सगळ्यावर दाजी.

मी नायगाव-नांदेड मोटरसायकलवर अप-डाऊन करतो. त्या रस्त्यावर हेल्मेट घालणारे दोघंच, एक मी आणि दुसरा जाहिरातीच्या फलकावरचा माणूस. सकाळी निघण्याआधी एक ओळ ऐकायची, फक्त एक, आणि हेल्मेटच्या आत ती कृष्णूरपर्यंत घोळवायची. कृष्णूरच्या पुढं कालच्या ओळीला जोडायची. मारतळ्याला पहिल्यापासून म्हणायची. हेल्मेटात आवाज असा घुमायचा की आपण अजिंठ्याच्या लेणीत बसलोय असं वाटायचं. एकदा काच वर करून म्हणत होतो तर तोंडात माशी गेली. माशी म्हणजे चिमणीएवढी. शेजारून चाललेला ट्रकवाला ओरडला, "काका, कुनाला शिव्या देऊन राहिले?"

बाहेरून मजा होती. आत फिकीर. आमच्या लग्नात गाथा फक्त म्हणणाऱ्यालाच येतात असं नसतं. पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या पुढं बसतात आणि त्यांना एकूण एक अक्षर ठाऊक असतं. चुकलो तर तिथंच दुरुस्त करतील, आणि पोरीच्या लग्नात तिच्या बापाच्या जागेवर उभा राहून मी ततपप करीन. ऑफिसात फायलीवर सही करता करता ओळ गळायची आणि मी ती म्हणून बघायला बाथरूमकडं पळायचो. साहेबांनी विचारलं, शुगर आहे का.

पण ओळीला ओळ लागत गेली. एका सकाळी मारतळ्याच्या आतच आठवी गाथा संपली आणि मी गाडी बाजूला घेऊन दोन्ही हात वर केले. येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, मदत पाहिजे. तो थांबला. एसटी हात दाखवून थांबली, हे कुणाला खरं वाटणार नाही.

त्या रविवारी मी रुबाबात चाकूरला गेलो. अक्का आणि भाची पुढं बसल्या. मी डोळे मिटून सुरू केलं. पाचवी गाथा संपत आली तोच भाची उठली आणि आत गेली.

"चुकलं का?" मी विचारलं.

अक्का पदराशी चाळा करत होती. "चुकलं न्हाई. तू खोकलास."

"घशात कायतरी आलं आसंल."

"न्हाई रं. ते तिथंच खोकले होते."

तिनं रेकॉर्डिंग लावलं. पाचव्या गाथेत, तिसऱ्या ओळीच्या मधे, दाजी खोकतात. कोरडा, आखूड खोकला, आणि लगेच पुढचा शब्द. मी रोज ऐकून तो गाथेसकट पाठ केला होता. माझा खोकला असा नाहीच. माझ्या खोकल्यानं पत्रे उडतात. हा दाजींचा होता, तसाच्या तसा.

त्याच खोकल्याकडं घरातल्यांनी खूप दिवस लक्ष दिलं नव्हतं. खडूची भुकटी जाते नाकात, असं दाजीच म्हणायचे.

भाची तोंड धुऊन बाहेर आली. "मामा, बाकी सगळं बाबावानी म्हणा. तेवढं तिथं खोकू नका. माझ्याच्यानं उभं राहवणार न्हाई."

शिकायला मला हेल्मेट पुरलं होतं. हा खोकला काढायला काही पुरेना. वेलदोडा तोंडात धरला, मध चाटला, त्या ओळीत श्वास घ्यायचाच नाही असं ठरवलं. बरोबर त्याच शब्दावर घसा आपोआप खाकरायचा. खोकायचं नाही म्हणलं की आधीच्या ओळीपासूनच खोकला चाहूल द्यायचा. लग्न जवळ येत चाललं होतं. मी रेकॉर्डिंग ऐकणं बंद केलं आणि बाकीच्या गाथा सोडून दिल्या. रोज तेवढीच एक ओळ, बैलगाडीच्या चालीनं, श्वास एक शब्द अलीकडं घेऊन. कधी जमायची. कधी नांदेडच्या पुलावर पोचेपर्यंत एकदाही जमायची नाही, आणि मी दिवसभर कुणाशी धड बोलायचो नाही.

लग्नाच्या दिवशी माईक हातात आला. पुढं म्हाताऱ्या. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यात, हात जोडून. पहिल्या चार गाथा कशा गेल्या ते मला आजही सांगता येत नाही, फुलं पडत होती एवढं आठवतं. पाचवी सुरू झाली. भाचीनं डोळे घट्ट मिटले, बोटांची पेरं पांढरी पडली. मी एक शब्द अलीकडं श्वास घेतला, घसा दाबून धरला आणि त्या जागेवरून सरळ पुढं गेलो. म्हाताऱ्यांपैकी कुणी वर बघितलं नाही.

भाचीनं डोळे उघडले. माझ्याकडं नाही, माझ्या बाजूला, माईकच्या जरा मागं बघितलं, कुणी तिथं उभं असावं तसं. मग फुलं पडली आणि मला सहावी म्हणावी लागली.

जेवणाच्या पंगतीआधी ती माझ्याजवळ आली. "मामा, खोकला न्हाई तुम्ही."

"न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि माझ्या सदऱ्याची बाही धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. नवरदेव दोनदा बोलवायला आला, तरी तिनं बाही सोडली नाही.