ऑरिनची कवळी

यंदाच्या ऑगस्टात आमच्या रस्त्यावर कोणी सुखानं जेवलं असेल तर शपथ. शेजारचा ऑरिन हॉगन सकाळ-संध्याकाळ शेडमागे उभा राहून एल्कची हाळी देत होता आणि ऐकणाऱ्याला वाटावं, कोणाचा तरी गळा आवळला जातोय.

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ. बाणानं मारायचा तर तो अगदी जवळ यावा लागतो आणि येतो तो दुसऱ्या नराची हाळी ऐकून, भांडायला. ऑरिन टाळूला रबराची इवलीशी पडदी चिकटवून अशी हाळी द्यायचा की नर डोंगर उतरून यायचे. मग बाण सोडायची ती त्याची बायको लव्हॉन. पोटासाठी त्यानं जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला, पण आमच्या मोंटानाच्या खोऱ्यात त्याला मान होता तो त्या आवाजाचा.

यंदा जूनमध्ये, कित्येक वर्षांनी, सोडतीत पलीकडच्या डोंगरावर शिकारीचा परवाना लव्हॉनला लागला. आणि त्याच महिन्यात ऑरिनला वरची कवळी बसली.

कवळीच्या प्लास्टिकवर पडदी टिकेना. कवळी काढली तर नुसत्या हिरड्यांवरही टिकेना. दुकानातला तयार भोंगा आणला, तर तो चावून धरताना कवळीच गवतात पडली.

दातांचा डॉक्टर म्हणाला, "जेवता येतंय ना?"

"जेवणाचं काय घेऊन बसलात? सूप पिऊन राहीन. मला ओरडायचंय."

लव्हॉन मात्र रोज शांतपणे अंगणातल्या गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत राहिली. "जमेल रे," म्हणायची. त्यानं तर ऑरिनचं डोकंच फिरायचं.

"जमेल जमेल करू नकोस. जरा चीड माझ्यावर, म्हणजे बरं वाटेल."

हंगामाला आठवडा उरला तेव्हा तो माझ्या दारात आला. डेल प्रुइटकडे जायचं होतं आणि एकट्याला धीर होत नव्हता. डेल गुरांच्या खुराकाचं दुकान चालवतो, हाळीही बरी देतो. पण ऑरिननं प्रत्येक पार्टीत त्याच्या हाळीची नक्कल करून त्याला 'गंजकं फाटक' ठरवलं होतं.

"डेल, यंदा लव्हॉनसाठी हाळी देशील?"

डेलनं हातातलं पोतं खाली ठेवलं. "कोणाला विचारतोयस? फाटकाला?"

"हो बाबा, फाटकालाच."

"मग येतो. जुलैतच विचारून गेलीय ती. म्हणाली, ऑरिन आपणहून विचारायला आला तरच ये."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर तुलाच नेणार होती. म्हणाली, एल्क नाही मिळाला तरी चालेल."

ऑरिन तडक बाहेर पडला. गाडीत बसल्यावर मात्र रडला, आणि रडता रडता तिलाच शिव्या घातल्या. इतक्या वर्षांनी मिळालेला परवाना ही बाई माझ्या मानापायी डोंगरावर टाकून येणार होती, म्हणाला. मी गाडी चालवत राहिलो.

घरी पोचलो तेव्हा लव्हॉन गठ्ठ्यातून बाण उपसत होती.

"डेल येतोय," ऑरिन म्हणाला.

"बरं झालं."

"मग मी काय घरी बसून करू?"

"घरी कशाला? मांस खाली कोण आणणार?" तिनं बाण पुसून भात्यात ठेवला. "ओझं वाहायला दात लागत नाहीत."