तात्यांच्या दारातला हरभरा

तात्या गेल्याचं मला मळणीयंत्राच्या धुरळ्यात कळलं. त्यांच्या मुलाचा, विलासचा फोन होता. यंत्र बंद केलं आणि ढिगापाशी नुसता उभा राहिलो... दोनच दिवसांपूर्वी त्यांना विचारलं होतं, "तात्या, हरभरा विकायला काढायचा का?" ते म्हणाले होते, "आजून न्हाई. थांबा."

पारनेरकडच्या आमच्या गावात हरभरा कधी विकायचा, हे तात्या ठरवत. परदेशचा पिवळा वाटाणा बिनकराचा आला की बेसनात मिसळतो आणि आमच्या हरभऱ्याचा भाव बसतो. ती करमाफीची मुदत दिल्लीत कधी संपते, कधी वाढते, याचा तात्यांना नादच लागला होता. जेवतानाही मोबाईल ताटाशेजारी. काकू चिडून म्हणायच्या, "लागला का वाटाना बंदराला? मग आता भाकरी खा." त्यांच्या दारातून पोत्यांचा टेम्पो हलला की गावाने माल काढायचा, अशी रीतच पडली होती.

एका वर्षी ते सपशेल चुकले. मुदत संपेल, कर लागेल म्हणून त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि मुदत वाढली. भाव कोसळला. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाठीमागे 'दिल्लीचे तात्या' म्हणून हसू लागले. मी म्हणालो, "तुमची काही नड नाही, तुम्ही थांबा की." ते म्हणाले, "मी थांबलो तर ही गावातली मानसं बी थांबत्यात, अन् भाव तर आजून पडनार." सकाळी पडत्या भावात पहिला टेम्पो त्यांचाच गेला. त्या दिवसापासून मला हा माणूस फार आवडू लागला.

यंदा ते मध्येच गेले. दुःखाच्या घरात भावाचं कोण विचारणार? तेराव्याच्या गोडजेवणाला पुरण करायचं ठरलं. डाळ भरडायला विलासने ओसरीतली दोन पोती टेम्पोत घातली आणि पारनेरच्या गिरणीत नेली. टेम्पो हलला एवढंच गावाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्या गावच्या टेम्पोंची रांग लागली. माझाही त्यातच. विलास धापा टाकत आला, "काका, म्या तर जेवनासाठी नेल्ता! आता लोकास्नी काय सांगू?" तोवर सगळ्यांचा माल विकून झाला होता.

पुढच्याच आठवड्यात वाटाण्यावर कर लागला आणि हरभरा चढला. तात्यांचं खरं ठरलं, आणि ते ऐकायला ते नव्हते... याचं मला भाव गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

गावात आता हरभरा आहे तो फक्त त्यांच्या ओसरीत. विलास रोज विचारतो, "काका, काढू का?" विकायला कुणाच्या घरात दाणा नाही, तरी जाता-येता लोक त्या ओसरीकडे बघतात, टेम्पो लागलाय का ते.